तांबं घराबाहेर

आमची नणंद लई शिकलेली, हिंजवडीच्या एका लॅबमध्ये असते, आणि तिचं काम काय, तर विसरण्याच्या आजारात मेंदूत जे प्रोटीन साचतं त्याचा एवढुसा तुकडा नळीत घ्यायचा, त्यात तांब्याचं नाहीतर जस्ताचं पाणी थेंबथेंब सोडायचं, आणि तो दुसऱ्या तुकड्याला जास्त चिकटतो का कमी ते मशीनवर बघायचं. रविवारी जेवताना तिनंच सांगितलं. मी दहावी नापास, तरी एवढं कळलं.

पण आमचे हे! चाकणला धातूचा मुलामा चढवायच्या, प्लेटिंगच्या खात्यात सुपरवायझर, म्हणजे जगातल्या सगळ्या धातूंचे मालकच. तांबं ऐकलं आणि ताटावरून उठलेच. सासूबाई रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितात, म्हणूनच विसरतात, झालं निदान! लोटा, घागर, देवघरातलं ताम्हनसुद्धा पोत्यात.

"दादा, अरे माझ्या नळीतल्या तांब्याचा आणि आईच्या लोट्याचा काय संबंध? आम्हालाच अजून नीट कळलं नाहीये."

"तू शिक गं. मेटल मला कळतं."

"मग हातातलं कडं पण काढा की," मी म्हणलं. तांब्याचंच ते.

"ते पित्तासाठी आहे," म्हणाले, आणि पोतं बांधलं.

हसू येत होतं, पण माझी काळजी वेगळीच. बाळंतपणाची रजा संपली, सोमवारपासून मला परत कंपनीत शिफ्ट, बाळ अजून रांगतही नाही, आणि सांभाळणार कोण, तर सासूबाई. मागे एकदा त्या गॅस चालू ठेवून शेजारी गप्पा मारत बसलेल्या, बाळ आत एकटं. मी नणंदेला गॅलरीत गाठलं. "ताई, तांब्याचं राहू दे, बाळ आईंजवळ ठेवू का नको, तेवढं सांगा."

ती मोबाईलमध्येच. "वहिनी, मी प्रोटीनवर काम करते, पेशंटवर नाही. डॉक्टरांना दाखवा ना." दाखवा म्हणे! आई कुणाची? कॅब आली, गेली. रश्श्याचा डबा मात्र आठवणीनं नेला.

आणि हे मला धीर देतात, "तांबं गेलं, आता आई ठणठणीत होते बघ. तू बिनधास्त जा." पोतं माळ्यावर गेलं की आजारही माळ्यावर!

सोमवारी सासूबाईंनी बाळाला इतकं छान घेतलं, टोपडं सरळ केलं, पाठीवर थोपटलं, की मलाच वाटलं, मी उगाच घाबरते. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, मी चप्पल घातली.

"जा गं, बस आली तुझी," त्या मायेनं म्हणाल्या. "ह्याची आई आली की देते मी तिच्याकडं."

मी चप्पल काढली. बाळ काढून घेतलं, छातीशी धरलं.

खालून हे गाडीला किक मारता मारता ओरडले, "अगं, बस थांबलीय तुझ्यासाठी!"

"तुम्हीच जा तिच्यात बसून," मी वरनं म्हणलं, "मी न्हाई येत."