राक्षसाची दाढी

दादाने शनिवारी सकाळी दाढी काढली, आणि ती दाढी आपल्या एकट्याची नव्हती हे त्याला शनिवारी दुपारी कळलं.

तसं बघितलं तर दाढी त्याच्याच गालांवर उगवलेली. खाजही त्यालाच सुटायची, आणि विम्याच्या ऑफिसात 'काय साहेब, संन्यास कधी घेताय?' हे ऐकून घेणंही त्याच्याच वाट्याला. पण तिच्यावर खरा हक्क होता धाकट्या बहिणीचा. धाकटी चित्रकार. ज्या पुस्तकांत डोंगर बोलतात, नद्या रुसून उलट्या वाहतात आणि राजपुत्रापेक्षा ड्रॅगनच जास्त समजूतदार असतो, त्या पुस्तकांची चित्रं ती काढते. सध्या चार भागांची एक लांबलचक कथा तिच्या हातात होती. दोन भाग छापून झाले होते, तिसऱ्याची चित्रं चालली होती, आणि त्यातल्या डोंगराएवढ्या राक्षसाची दाढी म्हणजे दादाची दाढी.

आता कुणी म्हणेल, जे जगात नाहीच ते काढायला समोर माणूस कशाला बसवायचा? लग्न होऊन घरात आल्यावर वहिनीनेही हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा धाकटी म्हणाली, "वहिनी, घोडा चुकला तर लोक म्हणतात, घोडा चुकला. ड्रॅगन चुकला तर लोक म्हणतात, ड्रॅगन नसतोच."

त्यामुळे या घरात ड्रॅगन चुकू नये म्हणून सगळे राबतात. त्याची कातडी आली दादाच्या सासऱ्यांच्या जुन्या चामडी बॅगेवरून. नख्यांसाठी फ्रीजमध्ये कोंबडीचे पाय ठेवलेले असत, आणि बर्फ काढायला गेलेली वहिनी दर वेळी नव्याने किंचाळत असे. दुसऱ्या भागातल्या चेटकिणीचे हात वहिनीचे आहेत. हे वहिनीला पुस्तक छापून आल्यावर कळलं. तिने ते आधी सगळ्या मैत्रिणींना दाखवलं आणि मग राग धरला.

मूळची धाकटी भित्री. लहानपणी नळ गळला तरी पांघरुणात शिरायची. खाटेखाली काय आहे हे बघायला दादाला पाठवायची. दादा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "काही नाही." तिला ते पटायचं नाही. शेवटी एकदा वैतागून तो म्हणाला, "आहे. सात पायांचं काहीतरी आहे, आणि त्याला सर्दी झालीय."

धाकटीने पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. "नाक कुठल्या पायाने पुसतं?"

मग तिने कागद मागितला. तिचा धंदा तिथेच सुरू झाला म्हणायला हरकत नाही. भीती मात्र गेली नाही, फक्त बिऱ्हाड बदललं. खाटेखालून निघाली ती संपादकबाईंच्या फोनमध्ये जाऊन बसली. चित्र पाठवलं की धाकटी जेवत नाही, नुसती ताटातलं इकडचं तिकडे करते. फोन वाजला की "तू घे" म्हणून दादाकडे देते, आणि तो बोलायला लागला की हिसकावून घेते.

तर शुक्रवारी दादाने पाहिलं, की तिसऱ्या भागाची चित्रं बटर पेपर घालून, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून दाराशी ठेवलीत. त्याने मनाशी ठरवून टाकलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत सलूनमध्ये गेला आणि शीळ घालतच परत आला. वहिनी म्हणाली, "अगं बाई, हनुवटी आहे की तुम्हाला अजून!"

दुपारी आतल्या खोलीत फोन वाजला. चित्रांचे फोटो संपादकबाईंनी आधीच मागवून घेतले होते. बाकी सगळी पसंत, शेवटचं नापसंत. त्या चित्रात राक्षस आपला डोंगर कायमचा सोडून निघतो. बाई म्हणाल्या, "हा निघालेला वाटत नाही हो. याची बस चुकल्यासारखी वाटते. रडू दिसायला हवं. सोमवारी सकाळी फाइल छपाईला जाणार. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा. दुसरे एकजण आहेत, ते भराभर देतात. मग चौथा भागही त्यांनाच देऊन टाकू, तुम्हालाही ताण नको."

'तुम्हालाही ताण नको' हे ऐकून धाकटीने फोन खाली ठेवला. दोन वर्षं वाढवलेला राक्षस शेवटच्या भागात परक्याच्या हाती जाणार होता. ती तरातरा बाहेर आली.

"दादा, खुर्चीत बस, आपल्याला रडायचं—" आणि थांबली. "हे काय?"

"दाढी काढली."

"ते दिसतंय."

"तू चित्रं बांधून ठेवलीस ना? मला वाटलं संपलं. खाजत होतं गं."

धाकटी ओरडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. ती ओरडली नाही. टेबलापाशी जाऊन पेन्सिली उंचीप्रमाणे ओळीने लावत बसली. हे लक्षण दादाच्या ओळखीचं होतं. तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तिने घरातले सगळे चमचे असेच लावले होते.

"मागची चित्रं बघून काढ ना," तो चाचरत म्हणाला.

"मागच्या चित्रांत तो कुठे रडतो? रडताना दाढी कशी थरथरते ते मी बघितलेलं नाही."

दादा चपला अडकवून सलूनमध्ये पळाला. तिथल्या माणसाने सगळं शांतपणे ऐकलं. "साहेब, कटिंग आवडली नाही म्हणून भांडणारे येतात. केस परत मागणारे तुम्हीच पहिले. गाडी कचरा घेऊन गेली." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "दुसऱ्या कुणाचे चालतील का?" म्हणाला.

चालणार नव्हते. मग दादाने आपली अक्कल पाजळली. फरशी पुसायच्या मॉपचा नवा झुपका आणला आणि दोरीने कानांना बांधला. वहिनीने उशीतला कापूस काढून दिला. रविवारी सकाळी दादा फिनाइलच्या कंपनीच्या जाहिरातीसारखा खुर्चीत बसला आणि रडायचा प्रयत्न करू लागला. वहिनीने त्याच्यापुढे कांदा धरला, तेव्हा त्याला शिंका आल्या.

धाकटी काढत होती आणि खोडत होती. कागदाला एक मर्यादा असते. फार खोडलं की त्याची लव निघते, आणि मग रंग पसरतो. ती बोटाने कागद चाचपायची आणि पुन्हा खोडायची. घरात कुणी मोठ्याने बोलेना. वहिनीने मिक्सरसुद्धा लावला नाही. कागद जिथे पातळ झाला होता तिथे आता टेबलाचा रंग दिसेल की काय, असं दादाला वाटू लागलं. आपण दोन वर्षं खाजवलं, आणखी दोन दिवस खाजवलं असतं तर काय बिघडलं असतं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात माशीसारखा फिरत होता.

दुपारी धाकटीने ब्रश धुऊन ठेवले. फार स्वच्छ धुतले. "बाईंना सांगून टाकते," ती म्हणाली. "त्यांच्या त्या भराभर माणसाला देऊ दे."

तिने फोन उचलला. दादा खुर्चीतून अर्धवट उठला. एका कानावरची दोरी सुटून मॉप गळ्यात लोंबत होता. त्याला म्हणायचं होतं 'थांब'. इतके दिवस दाढीखाली झाकलेली ती लहानशी, जराशी आत गेलेली हनुवटी नुसती हलत राहिली.

धाकटी नंबर लावता लावता त्याच्याकडे बघत राहिली.

"तो बोळा काढून टाक," ती म्हणाली. "आणि तसाच राहा. अर्धाच ऊठ."

"पाठ भरून येईल गं."

"भरू दे."

कोरा कागद आला. संध्याकाळ होईपर्यंत दादा ना उभा ना बसलेला असा होता, आणि काय चाललंय हे विचारायची त्याची छाती झाली नाही. शेवटी वहिनी मागून डोकावली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

चित्रात राक्षस निघाला होता. गाल उघडे, हनुवटी थरथरती. दाढी त्याने कापून डोंगराच्या कुशीत नीट गुंडाळून ठेवली होती. त्या दाढीत पाखरांची घरटी असतात हे गोष्टीत होतंच. राक्षस ती पाखरांना ठेवून एकटा जात होता. दाढी कापल्याचं मात्र गोष्टीत कुठेच नव्हतं.

सोमवारी सकाळी तिने फोटो पाठवला. थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "हे मी एकटी ठरवू शकत नाही. छपाई थांबवते. लेखकांना विचारते."

दादाने रजा टाकली. धाकटीने पेन्सिली लावल्या, मग ब्रश लावले, मग वहिनीचे मसाल्याचे डबे लावायला घेतले. फोन आला तो थेट दुपारी.

"तू घे," धाकटी म्हणाली. दादाने 'हॅलो' म्हटलं आणि फोन हातातून गेला.

"लेखक भडकले," संपादकबाई सांगत होत्या. "माझ्या राक्षसाची हजामत मला न विचारता करणारी ही कोण, म्हणाले. ठेवून दिला फोन. मग तासाभराने स्वतःच केला, चित्र पुन्हा पाठवा म्हणाले. आता शेवटचं पान नव्याने लिहितायत. चौथ्या भागात राक्षस बिनदाढीचाच राहील, तेव्हा तोही तुम्हालाच करावा लागणार. आणि हो, तिसऱ्या भागाच्या मागच्या कव्हरवर त्याला दाढी आहे, ते बदलून द्या. उद्या."

 धाकटीने फ्रीज उघडला आणि उभ्या उभ्याच सकाळचं सगळं खाऊन टाकलं.

दादाने मूळ चित्र हळूच उचलून खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघितलं. ते भिरभिरे डोळे, ती पळपुटी हनुवटी.

"खरं सांग," तो म्हणाला, "मी असा दिसतो? इतका बावळट?"

"नाही, राक्षसाला जरा बरा काढलाय."