शिंक्यातली पेज

लेकाने नवा फ्रिज आणला. दार उघडलं की आत लख्ख उजेड पडतो, काचेचे कप्पे ओढले की पुढे येतात. सून म्हणाली, "आई, आता वाकायला नको. सगळं दिसतं आणि हाताला लागतं."

मला आमचं कारापूरचं शिंकं आठवलं. पेजेचं मडकं त्यात टांगलेलं असायचं. त्या दिवशी माझी पाळी आलेली, म्हणून मी पडवीत बसलेली, कशाला शिवायचं नाही. सासूबाई म्हापशाच्या बाजाराला गेलेल्या, शेजारची माणसं शेतात. माझी शांती तापातून नुकती उठलेली, तीन वर्षांची. दारातून तिला मडकं दिसत होतं.

"आये, पेज दी."

"आजी येतली गो आता," मी म्हणत राहिले.

तिचा हात पोचत नव्हता आणि माझा चालत नव्हता. रडून रडून पोर उंबऱ्यावरच झोपली. सासूबाई आल्या तेव्हा दिवे लागले होते आणि पेज आंबली होती.

काल सुनेचे तेच दिवस होते. नातीने दूध मागितलं. सून फ्रिजपाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय गो?" मी म्हटलं. "उघड आणि दी तिला."