जावांचं भांडण आणि संमतीचा कागद

शहापूरला एका कॉलेजात मी संगणक शिकवते. त्यात नीतिशास्त्राचा एक पेपर असतो. जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते करावं, हे एक मत. कितीही भलं होणार असलं तरी माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे दुसरं. ही दोन्ही मतं मी कितीतरी वर्षं फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आले. त्यांची खरी झुंज मी पाहिली ती वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर, आणि तेव्हा मी चुकीच्या बाजूला उभी होते.

डोंगरातल्या पाड्यांवरची बोली संगणकाला कळावी म्हणून आम्ही लोकांचं बोलणं रेकॉर्ड करत होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता माझ्याबरोबरच शिकवते. ती त्याच पाड्यावरची. आम्ही तिच्या आत्याकडे गेलो. आत्यांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि ओटीवर बसून तासभर बोलल्या. बोलता बोलता जावेशी झालेलं भांडण निघालं. काकडीचा वेल आत्यांचा, पण कुंपण ओलांडून काकड्या धरल्या जावेच्या परसात. आत्यांनी दोघींचे आवाज काढून ते असं रंगवलं की आम्हाला हसू आवरेना. त्यातले शब्द तर कुठल्याच कोशात सापडले नसते.

चहा घेताना आत्यांनी विचारलं, "ह्ये कोन ऐकनार गो?"

"कुनीपन, आत्या. सगल्यांसाठी खुलं ऱ्हानार," भाची म्हणाली.

"मंग जावंचं काढ. आता आमी बोलतो एकमेकींशी."

माझा जीव तुटला. "त्यात त्यांचं नाव कुठे आहे, आत्या? आणि त्या कशाला ऐकायला जातायत? तुमच्या सगळ्या बोलीचं भलं होईल यानं."

आत्यांनी कप खाली ठेवला. भाची मात्र माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "मॅडम, परीक्षेत मी असं लिहिलं असतं तर तुम्ही मार्क दिले असते?"

"सही घेतलीय आपण," मी म्हणाले.

"आत्याची घेतलीय. जावेची कुठे? आणि आत्याला तरी तो कागद मी कुठे वाचून दाखवला?"

मी ओशाळले. आत्यांच्या समोरच आम्ही तेवढा भाग पुसून टाकला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

आत्यांना बहुतेक ते दिसलं असावं. त्या उठून कुंपणाशी गेल्या आणि जावेला हाक मारली. जाऊबाई पदराला हात पुसत आल्या. भाचीने या वेळी सगळा कागद दोघींना त्यांच्या बोलीत सावकाश समजावून सांगितला.

जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "माझं भांडान ना? मंग माझ्या तोंडून घ्या. हिनं अर्धं खोटंच सांगितलं आसंल."

दोघी शेजारी बसल्या आणि काकडीचा तंटा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मध्येच दोघी इतक्या हसायच्या की बोलणं थांबायचं. पहिल्यापेक्षा कितीतरी सरस रेकॉर्डिंग मिळालं.

तेव्हापासून आम्ही कागद आधी त्या त्या बोलीत वाचून दाखवतो आणि बोलणं संपल्यावर पुन्हा विचारतो. मुरबाडकडच्या एका पाड्यावर एका आजोबांनी अख्खा कागद ऐकला, दोन शंका विचारल्या, नको म्हणाले आणि आम्हाला जेवायला थांबवून घेतलं.