वुलरचं पाणगवत

आमच्या फाजीजाऊसारखी कष्टाळू बाई आमच्या काश्मिरातल्या वुलर तळ्याच्या काठावर दुसरी नाही, पण हे तिला तोंडावर सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. थोरले दीर गेल्यापासून एक गाय आणि ती, एवढाच तिचा संसार. होडीच्या टोकाला उकिडवं बसायचं, लांब काठी पाण्यात घालून गरगर फिरवायची आणि गुंडाळून आलेलं पाणगवत ओढून काढायचं. मग ते धुवायचं, त्यातल्या गोगलगायी वेचायच्या आणि झाडांच्या फांद्यांवर वाळत टाकायचं. "नुसत्या पेंढ्यावर दूध येत नाही गं," ती म्हणायची. "थंडीत हे भिजवून घातलं की बघ कशी पान्हावते."

यंदा गाय गाभण. ऐन बर्फात विणार. म्हणून फाजीने दुप्पट गवत काढून वाळवलं होतं.

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? फाजी दोन दिवस माहेरी गेली, तेवढ्यात सगळं गवत झाडांवरून उतरवलं आणि आमच्या हाकच्या, म्हणजे पालेभाजीच्या, वाफ्यांत गाडलं! भाजी लावणाऱ्याला पाणगवत म्हणजे खतच दिसतं. विचारणं नाही, सवरणं नाही.

फाजी परतली, रिकाम्या फांद्या बघून म्हणाली, "समद, माझं गवत?"

"अहो वहिनी, तळ्यातलंच तर होतं! परत काढा की."

"आता? काठाला बर्फ धरलंय रे. आतलं गवत कुजून गेलंय."

हे हसले. हसले हो! माझं डोकं असं फिरलं! पण धाकटी जाऊ ना मी, गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून जात नाही.

पंधरवड्यात गाईच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. फाजी नुसती गोठ्यात बसायची, गाईच्या पोटावर हात ठेवून.

एका सकाळी मी तशीच उठले. विळा घेतला, बर्फ बाजूला सारलं आणि वाफ्यातला सगळा हाक कापला. टोपली फाजीच्या गोठ्यात नेऊन रिकामी केली. गाय अधाशासारखी तुटून पडली.

मागून हे धावत आले. "अगं, वेड लागलं का तुला? थंडीभर भाताबरोबर खायचं काय?"

"ते मला विचारू नका," मी म्हटलं. "वहिनी आत आहेत. आधी त्यांचे पाय धरा, मग जेवणाचं बोला. तोवर घरात चूल पेटणार नाही."