डेपोच्या बँडचा माउथपीस

बस डेपोच्या बँडमध्ये चांदीचा मुलामा दिलेला माउथपीस एकच होता. माउथपीस म्हणजे ट्रम्पेटचं पेल्यासारखं टोक, ओठांना लावून फुंकायचं. बाकीचे साधे, किरकिरे. ज्याच्या वाट्याला एकट्याने वाजवायची धून येई, त्याने हा लावायचा आणि झालं की शर्टाला पुसून पुढच्याच्या हातात द्यायचा. बँड उभा राहिला तेव्हापासूनची रीत.

ती मोडली पिपाणीने. पिपाणी म्हणजे इंजिन विभागातला मेकॅनिक. चाळिशी उलटलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, थोरल्या बहिणीकडे राहणारा. एके दिवशी त्याने माउथपीस खिशात घातला, तो बाहेर काढेना.

"का रे? आम्ही काय चावून खातो?" लंबू म्हणाला. लंबू बसचा ड्रायव्हर आणि दुसरा ट्रम्पेटवाला.

"राहू दे माझ्याकडेच."

"हावरटच आहेस."

पिपाणीने खिशाचं बटण लावलं. खरं सांगायची सोय नव्हती.

बँड परगावी गेला होता, तेव्हा उतरण्याच्या जागी कपडे धुण्याचं काम बघणारी एक बाई भेटली होती. मोकळी, हसरी. दोघांनाही एकमेकांची सोबत बरी वाटली आणि ती रात्र त्यांनी एकत्र काढली. कंडोम तिनेच पर्समधून काढला, आणि तो शेवटपर्यंत नीट होता. पण परतताना बस स्टँडच्या भिंतीवर एचआयव्हीचं पोस्टर दिसलं आणि पिपाणी त्यापुढून हलेना. ती पर्समध्ये कंडोम बाळगते म्हणजे काय? नीट होता, हे मला काय कळणार? मन एकदा घसरलं की त्याला ब्रेक नसतो.

घरी त्याने टॉवेल वेगळा केला, मग ताट वेगळं केलं.

"टॉवेल वेगळा, ताट वेगळं," ताई म्हणाली. "आता चूल कधी वेगळी मांडतोस, तेवढं आधी सांग."

"तसं काही नाही गं, ताई."

"मग कसं काय आहे?"

तो मान खाली घालून जेवला.

माउथपीस मात्र तो रोज घासायचा. वर्कशॉपमधलं पॉलिश, कधी बारीक पॉलिशपेपर, वर उकळतं पाणी. मेकॅनिकच तो, भीतीसुद्धा घासून काढता येईल असं त्याच्या हातांना वाटे. थोड्याच दिवसांत ओठांभोवती लाल चट्टे उठले, कातडी फुटली. झालं! पिपाणीने मनाशी निकाल लावून टाकला. आणि घासणं दुप्पट केलं.

असे तीन-चार महिने गेले. त्यातच सगळ्या डेपोंच्या बँडची स्पर्धा जवळ आली. सुरुवातीची लांबलचक धून पिपाणीचीच. पण फुटक्या ओठांनी सूर धरेना.

"अरे, जमत नसेल तर लंबूला दे," बँडचे मास्तर म्हणाले. "स्पर्धा घालवतोस का?"

आपण वाजवू शकत नाही, आणि हा माउथपीस लंबूच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही. पिपाणी पुरता कोंडीत सापडला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो आरोग्य केंद्रात गेला.

तिथल्या समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, रक्त घेतलं. निकाल घ्यायला तो गेला तेव्हा खुर्चीच्या कडेवरच टेकला.

"निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "हवे तेवढे दिवस उलटलेत, म्हणजे निकाल पक्का. आणि कंडोम नीट होता म्हणता, तेव्हा धोका मुळातच फार कमी होता."

"आणि पॉझिटिव्ह निघाला असता तर?"

"तर औषधं सुरू केली असती. नीट घेतली की माणूस सगळ्यांसारखं जगतो, बँडही वाजवतो. लाळेतून, ताटातून, टॉवेलातून हे पसरत नाही."

"मग हे ओठ?"

"तोंडाला काय लावता?"

त्याने खिशातून माउथपीस काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"यावरची चांदी कुठे गेली?"

पिपाणीने पाहिलं. कडेला चांदीचा मागमूस नव्हता. घासून घासून उघडं पडलेलं पितळ, त्यावर हिरवट डाग. कातडी फोडणारं तेच पितळ तो रोज ओठांवर दाबत होता. आधी त्याचा चेहरा पडला, मग त्याला हसू फुटलं, इतकं, की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

मलमाने ओठ भरून आले. स्पर्धेच्या दिवशी, मंचामागे, त्याने लंबूला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

लंबूने कपाळावर हात मारला. "म्हणजे तू मला जपत होतास? आणि मी गावभर तुला हावरट म्हणत हिंडलो!"

"चांदी गेली रे पण."

"जाऊ दे." लंबूने स्वतःचा साधा माउथपीस काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा किरकिरतो, पण तुझं ऐकेल. घासू नकोस म्हणजे झालं."

पिपाणीने तो लावला. पहिला सूर थोडा खरखरला, मग मोकळा झाला आणि वर चढला, आणखी वर, मंडपाच्या कापडाला भिडून राहिला. मास्तरांची काठी हवेतच थांबली. पिपाणीने सूर सोडला नाही. कधीपासून छातीत अडकलेला श्वास त्याने तिथे सगळाच्या सगळा ओतला. मंडप उठून उभा राहिला, आणि सगळ्यात पुढे ताई.

आता पाळी लंबूची. पिपाणीने माउथपीस शर्टाला पुसून पुढे केला. लंबूने तो घेतला, पुन्हा पुसलाही नाही, आणि सरळ ओठांना लावला.