नमुन्याच्या पत्र्यावरचं मीठ

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. देवळात गेलो तर सावलीला बसायला, आणि ज्योतिषाच्या घरी गेलो ते त्याच्या खिडकीचं ग्रिल बसवायला. या सदरातले गूढ अनुभव सून वाचून दाखवते, तेव्हा मी अर्ध्यातच पेंगतो. तरी आज लिहितोय... वय अठ्ठ्याहत्तर झालं, आणि या प्रकरणातली माझी बाजू मी गेल्या दिवाळीपर्यंत कुणालाच खरी सांगितलेली नव्हती.

जालना एमआयडीसीत मागच्या रांगेत माझं फॅब्रिकेशनचं शेड होतं. गेट, शटर, गोदामांचे सांगाडे अशी कामं. भानुदास मिस्त्री माझ्याकडे सोळा वर्षं होता. परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. त्याची एक सवय होती — पत्रा बसवून झाला की प्रत्येक नटावर पान्याची टिचकी मारायची आणि कान लावायचा. घट्ट नटाचा आवाज वेगळा, ढिल्याचा वेगळा. पोरं विचारायची, "मिस्त्री, काय म्हंतो नट? बरा हाय का?" तो म्हणायचा, "तुझ्यापरीस बरा हाय."

सत्त्याण्णव साली ओळखीतून कोकणातलं काम मिळालं. समुद्राच्या अगदी काठावर एका ट्रस्टची तीन मजली इमारत होती, शाळांच्या सहली तिथं उतरायच्या. खाऱ्या वाऱ्यानं दर वर्षी गिलावा सुटायचा, दर वर्षी रंग द्यावा लागायचा. कंटाळून ट्रस्टनं ठरवलं, की बाहेरून सगळ्या भिंतींना अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत पत्रे मढवायचे. वर्षातून एकदा पाण्यानं धुतलं की झालं, वीस वर्षं ब्रशला हात लावायला नको.

पत्रे चांगलेच होते, त्यात खोट नव्हती. खोट त्यांच्या मागे होती. पत्रा ज्या ब्रॅकेटवर उभा राहतो ते ब्रॅकेट आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत, असं नकाशात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते मुंबईहून यायला वेळ लागत होता, आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. मी जालन्यात साध्या लोखंडाचे करवून घेतले, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात दिले आणि टेम्पोत घालून नेले.

यात फसवणूक आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, हेही खरं सांगतो. जाफराबादजवळ आमच्या विहिरीवर लोखंडी रहाट होता. चाळीस वर्षं उन्हात उभा, त्याला धड गंजसुद्धा नाही. आमच्याकडं लोखंड गंजायला पाणीच कुठं आहे? लोखंडाबद्दलचं माझं सगळं शहाणपण त्या कोरड्या हवेतलं होतं. कोकणातल्या त्या इमारतीच्या वॉचमननं मला खिडकीचा एक गज नुसत्या बोटांनी चुरून दाखवला, तरी मी म्हटलं, रंग नीट दिला नसेल.

भानुदास कामाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "अण्णा, हितली हवा जिभेला लागून राह्यली. लोखंडाला लागंल का न्हाई?"

मी म्हटलं, "तू नट बघ. हवेचं मी बघतो."

काम झालं, उद्घाटन झालं. उरलेला एक पत्रा आम्ही परत आणला आणि गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना म्हणून ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर बसवला. ब्रॅकेट त्याच लॉटमधले.

दीड वर्षानंतरचा एप्रिल. जालन्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होतं, शेडात प्यायच्या पाण्याचा माठसुद्धा आम्ही मोजून वापरायचो. एका दुपारी जेवून बाहेर आलो तर नमुन्याचा पत्रा ओला. वरपासून खालपर्यंत बारीक थेंब. वाटलं, कुणीतरी पाणी मारलं असेल... पण त्या दिवसांत पाणी मारणार कोण? पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ओला. तिसऱ्या दिवशी पाणी वाळून पांढरे ओघळ उरले होते, आणि खालच्या कडेनं तपकिरी गंज झिरपत होता.

मी सगळं तपासलं. त्या भिंतीत पाइप नव्हता, वर टाकी नव्हती, शेजारच्या शेडात पाण्याचं काम नव्हतं. वेल्डरनं पाहिलं, चहावाल्यानं पाहिलं. चहावाला म्हणाला, "अण्णा, पत्र्याला घाम आल्ता." सगळे हसले, मीही हसलो.

भानुदास हसला नाही. त्यानं बोट फिरवून जिभेला लावलं, "खारं हाय" म्हणाला आणि पान्यानं पत्रा उतरवला. मागचे ब्रॅकेट पापुद्र्यांनी सुटले होते, एक तर हातातच तुटला. मी आत जाऊन त्याच लॉटमधले उरलेले ब्रॅकेट शोधून आणले. ते पोत्यात तसेच लालभडक, कालच रंगवल्यासारखे. दोन्ही बराच वेळ त्याच्या पायाशी पडून होते.

"हे तिथलं हाय अण्णा," तो म्हणाला. "तिथं फोन लावा. पोरं झोपतात त्या भिंतीखाली."

मी म्हटलं, पावसाळा जाऊ दे, मग बघू. मनात वेगळं होतं. फोन केला की का केला ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की आम्ही काय लावलं ते उघड होणार. चार दिवस तो रोज विचारायचा, "लावला का फोन?" पाचव्या दिवशी आलाच नाही. स्वतःच्या खर्चानं एसटी बदलत कोकणात गेला होता.

पुढचं मला वॉचमनकडून कळलं. भानुदासनं आधी सहलीतली सगळी मुलं पलीकडच्या अंगणात हलवायला लावली. मग समुद्राकडच्या बाजूचा एक पत्रा वरून उतरवून पाहायला शिडीवर चढला. त्याचा भार येताच वरची अख्खी रांग भिंतीतून सुटली आणि त्याला घेऊन खाली आली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मुलांना खरचटलंसुद्धा नाही.

ट्रस्टनं मला विचारणा केली. मी माझ्या हातानं उत्तर लिहिलं, की या माणसाला आम्ही पाठवलेलं नव्हतं, आणि बसवताना त्यानं नट ढिले ठेवले असावेत. 'असावेत' हा शब्द मी विचार करून घातला. तुटलेले ब्रॅकेट मी स्वतः जाऊन गोळा केले, स्टेनलेसचे बसवून दिले, आणि लोक म्हणाले, मालक भला माणूस.

भानुदास मात्र एमआयडीसीत नट ढिले ठेवणारा मिस्त्री झाला. दोन-तीन वर्षांत अशी पद्धत पडली, की कुठलं काम संपलं की कुणीतरी ओरडायचं, "बघ रे, कुठं भानुदास राह्यला का." ढिल्या नटाचं नावच ते पडलं. माझ्या शेडातही म्हणायचे... आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी आष्टीला गेलो. त्याची बायको कौसाबाई बाजारात मिरची-मसाला विकते. गिऱ्हाईक संपेपर्यंत तिच्या पोत्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं — ब्रॅकेट, फोन, पत्र. ती निवडत होती ती मिरची निवडतच राहिली. मध्ये एकदा विचारलं, "ते पोरांना हलवून मंगच चढले ना?" मी हो म्हटलं.

मग म्हणाली, "मला काऊन सांगता अण्णा? मी हसले व्हते का त्यान्ला? जिथं हसले तिथं सांगा."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी एमआयडीसीत गेलो. माझं शेड आता दुसऱ्याचं आहे. चहाच्या टपरीवर जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा पोरं बसली होती. उभा राहिलो आणि सांगायला लागलो, की तुम्ही ज्याला भानुदास म्हणता, त्या भानुदासनं आयुष्यात एकही नट ढिला ठेवला नव्हता. लोखंड खोटं होतं, आणि ते मी लावलं होतं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं चहाचा ग्लास खाली ठेवून अगदी साधेपणानं विचारलं, "बाबा, भानुदास म्हंजे माणूस व्हता का?"

मी खाली बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. किती पटलं, माहीत नाही. सुट्टी संपली, पोरं उठून गेली. म्हणून हे इथं लिहितोय, जास्त लोक वाचतात म्हणून.

त्या पत्र्यावर खारं पाणी कुठून आलं, ते मला सांगता येत नाही. एका इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला, असं होत नाही. समुद्र आमच्यापासून एक दिवसाच्या प्रवासावर आहे. पत्रा भंगारात गेला, ब्रॅकेट गेले, दाखवायला माझ्याकडे काही नाही. ज्यांनी पाहिलं त्यातला चहावाला वारला, वेल्डर गावी गेला. तुम्ही पाण्यावर विश्वास ठेवू नका, चालेल. भानुदास सोनाजी, राहणार आष्टी, यानं नट घट्ट लावले होते, तेवढ्यावर ठेवा.