फॉरमॅटला न्हाई म्हणणारी गंगासागर

सिरसाळ्यात बसस्टँडकडं तोंड करून माझं बांगड्यांचं दुकान हाय, अन् भिंतीला भिंत लावून गंगासागरचं व्हिडिओ एडिटिंगचं. मी मंजुळाबाई. कॉम्प्युटरमधलं मला काडीचं कळत न्हाई, पण ह्या बाईचं समदं कळतं. तिचा नवरा म्हणलता, "ब्युटी पार्लर काढ." ही म्हणाली, "दुसऱ्याच्या भिवया कोरत बसायला मी न्हाई जन्मले." अशी तोंडाची फटकळ! पण आसपासचे समदे लग्नाचे शूटिंगवाले काम तिच्याकडंच आणून टाकतात. कॉम्प्युटरात तिनं लिनक्स घातलंय, म्हंजी मशीन चालवायची सिस्टीम. "फुकटचं हाय, पण चोरीचं न्हाई," असं ताठ मानेनं सांगती.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या. एक दिवस दुपारी ऊसतोडीला जाणारी विमलबाई गंगासागरच्या दारात उभी. संध्याकाळी तिची टोळी कारखान्याला निघणार, परत येणं थेट उन्हाळ्यात. त्याच्या आधी तिला लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ मोबाईलमधी पाहिजे होता. कावून एवढी घाई? तर आपल्यात पोरीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. समदा मांडव लग्न बघत होता अन् ही बया घरामागं तुळशीला पाणी घालत उभी. एकुलती एक लेक, अन् तिचं लग्न आईनंच बघितलं न्हाई.

अन् नेमकं त्याच दिवशी सकाळी गंगासागरनं लिनक्स अपग्रेड केलतं. मशीन चालू केली, कंपनीचं नाव आलं, अन् मग पडदा काळा ठिक्कर. बंद करून परत चालू केली, तरी तेच. व्हिडिओ त्याच मशीनमधी, दुसरी कॉपी न्हाई.

"अगं भवाने, एक जास्तीची ठिवायला काय झालतं तुला?" मी ओरडलेच.

समोरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला शिवशंकर आला. डबा वरून-खालून बघितला. "ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं, वैनी. न्हाईतर फॉरमॅट मारू, लगेच चालू." आमच्याकडं कॉम्प्युटरला ताप आला तरी फॉरमॅट, खोकला आला तरी फॉरमॅट!

"हात लावू नगंस," गंगासागर कडाडली. "फॉरमॅट मारलं की समदं पुसलं जातंय. अन् कार्ड गेलं असतं तर कंपनीचं नाव कसं दिसलं असतं? कार्ड ठणठणीत हाय. सिस्टीम नवी आली, कार्ड चालवायचा ड्रायव्हर जुनाच राहिला. दोघांचं पटंना, एवढंच."

"एवढं खात्रीनं कसं सांगता?"

"माझी मशीन हाय. मी न्हाई सांगायचं तर कोणी?"

अपग्रेड केलं तरी जुन्या सिस्टीमचा गाभा आतच असतो म्हणं. मशीन चालू होताना एक बटण दाबून धरलं की निवडायला मिळतो. पहिल्यांदा बटण चुकलं, परत काळं. विमलबाई दारातनं टोळीची गाडी आली का बघून आली. गंगासागर मात्र ढिम्म. दुसऱ्या खेपेला पडद्यावर नावं आली, तिनं जुनं निवडलं, अन् मशीन उघडली की!

"आता ड्रायव्हर टाका," शिवशंकर म्हणला.

"ड्रायव्हर कुठं पळून जात न्हाई. आधी मावशीचा व्हिडिओ."

मोबाईलमधी घालून दिला, अन् पडद्यावरही लावला. मंगलाष्टकं सुरू झाली तशी विमलबाईनं पदर डोळ्यावर ओढला. "बघू का गं? काही वंगाळ तर न्हाई व्हायचं?"

"लेक नांदायली सुखानं. बघा बिनघोर," गंगासागर म्हणाली.

विमलबाईनं पदर खाली घेतला. पडद्यावर नवरी सारखी मान वळवत होती. आधी बायकांच्या घोळक्याकडं, मग दाराकडं, परत घोळक्याकडं.

"कोणाला हुडकायली गं ही?" मी सहज बोलून गेले.

"मला," विमलबाई म्हणाली.

तेवढ्यात बाहेर टोळीच्या गाडीनं हॉर्नवर हॉर्न लावला. विमलबाईचे डोळे पडद्यावरून हलंनात. गंगासागर उठली, दारात गेली अन् मुकादमावर खेकसली, "थांबव गाडी. लग्न लागायलंय."